पावसाळ्यातल्या दाट गवतासाठी गार्डन ट्रॅक्टरच्या मॉवरला कोणती पाती लावावीत?

तुम्ही लिहिलंय की नाशिकजवळच्या गिरणारे गावाकडे दीड एकराचं लॉन आहे, 42 इंची डेकचं (डेक म्हणजे पाती झाकणारा खालचा पत्र्याचा खोका) बसून चालवायचं गवत कापायचं मशीन आहे, त्याला मल्चिंग पाती, म्हणजे गवताचा भुगा करणारी, आहेत, आणि जुलै लागला की इंजिन गुदमरतं नि मागे ओल्या गवताचे लपके पडत जातात. मग मल्चिंग पाती उतरवा आणि हाय-लिफ्ट लावा, म्हणजे गवत वर खेचून बाहेर फेकणारी. दिवाळीपर्यंत तीच राहू द्या.

मी एका लग्नाच्या लॉनची देखभाल करतो. नाशिकमध्ये लग्न 'लॉन्स'वर लागतं, पण लॉन सांभाळणाऱ्याला पत्रिका कोणी देत नाही, असो. आषाढी एकादशी झाली की मुहूर्त थांबतात, आणि मालकांना गवताची आठवण येते ती थेट तुळशीच्या लग्नाच्या तोंडावर. मधले चार महिने गवत, पाऊस आणि मी. म्हणून तुमचा त्रास मला पाठ आहे.

पात्याच्या दोन्ही टोकांना धारेच्या मागची कड वर वळवलेली असते. पातं फिरतं तेव्हा ती कड पंख्यासारखी हवा खेचते, आडवं पडलेलं गवत उभं राहतं, कापलं जातं आणि बाजूच्या तोंडातून बाहेर फेकलं जातं. हाय-लिफ्टमध्ये ही कड उंच असते, लो-लिफ्टमध्ये जवळजवळ सपाट. मल्चिंग पात्याचं काम वेगळं. त्याला वळणं जास्त, धारही लांब; ते गवत डेकखालीच घोळवून दोन-तीनदा चिरतं आणि भुगा खाली सोडतं. कोरड्या, बोटभर वाढीला ते सुरेख. पण सिलेक्शन नंबर वन हे लॉनचं गवत श्रावणात म्हणजे पाण्याने भरलेली जुडी. ती घोळत बसते, डेकला चिकटते, पट्टा घसरायला लागतो आणि शेवटी शेणाच्या पोसारखा गोळा पडतो. तो उचलला नाही तर दोन दिवसांत खाली पिवळा डाग.

हाय-लिफ्टला ताकद जास्त लागते हे खरं. 42 इंचाला 18-20 एचपी असेल तर चिंता नको. थ्रॉटल पूर्ण ठेवा, गिअर खालचा घ्या. बरेच जण उलटं करतात, गवत दाट दिसलं की थ्रॉटल कमी करतात. मग पात्याचा वेग पडतो, हवा खेचली जात नाही आणि दोष पात्याला. इंजिन लहान असेल, किंवा जमीन मुरमाड-वाळूची असेल, तर मात्र लो-लिफ्ट. हाय-लिफ्ट मातीचे कणही वर ओढतं आणि ती वळलेली कड आतून घासत जाते. गेल्या वर्षी मी एक पातं उतरवलं तर कड पत्र्याच्या डब्याच्या झाकणाएवढी पातळ, धारेजवळ नखभर चीर. तसंच चालवलं असतं तर तुकडा सुटला असता. पात्याच्या टोकाचा वेग मिनिटाला 19,000 फुटांच्या आत असावा अशी अमेरिकी मानकातली मर्यादा आहे. ताशी साधारण 345 किलोमीटर होतात. त्या वेगाने सुटलेला तुकडा पायाला काय करेल याचा विचारच नको.

म्हणून अंबड-सातपूरच्या कारखान्यांच्या वसाहतीत ट्रकच्या पाट्यातून पातं कापून आणायचा किंवा तडा वेल्डिंगने भरायचा जुगाड करू नका. मॉवरचं पोलाद दगड लागला तर वाकावं, तुटू नये अशा बेताचं असतं. पाट्याचं पोलाद कडक, ते तुटतं. मी एकदा मांडवाची राहिलेली लोखंडी खुंटी मारली होती. पातं इंचभर वाकलं, डेक थरथरायला लागलं, पण सगळं डेकच्या आतच राहिलं. तेव्हापासून गवत कापण्याआधी लॉनवर एक चक्कर पायी मारतो. खिळे, तारा, एकदा तर जोडवं.

पातं विकत घेताना फक्त 'बेचाळीस इंची' म्हणू नका, तो डेकचा आकार. जुनं पातं काढून एका धारेच्या टोकापासून समोरच्या धारेच्या टोकापर्यंत तिरकं मोजा. मधलं भोक गोल आहे, पाच टोकांच्या चांदणीचं आहे की सहा, हेही बघा. फोटो काढून नेलेला बरा. दोन्ही पाती एकदमच बदला. काढताना स्पार्क प्लगची वायर आधी सुटी करा आणि पातं लाकडाच्या ठोकळ्याने अडवा. बसवताना वळलेली कड वर, डेककडे. हसू नका, उलटी बसवलेली पाती घेऊन लोक माझ्याकडे आलेत.

धार साधारण 30 अंशांत, पातं निळं पडू न देता. ग्राइंडर दाबून धरला आणि पातं निळं झालं की तिथला कडकपणा गेला, मग ती धार दोन दिवस टिकत नाही. धार झाली की भिंतीतल्या खिळ्यावर मधल्या भोकाने अडकवा. जी बाजू खाली झुकेल ती अजून थोडी घासा.

आता तुमच्याकडचा पाऊस. त्र्यंबकच्या बाजूला तो शहरापेक्षा बराच जास्त, त्यामुळे कोरडं गवत मिळायची वाट बघत बसलात तर गुडघ्याला लागेल. उघडीप मिळाली की दुपारी, दव वाळल्यावर, डेक सगळ्यात वर ठेवून कापा. एका वेळी उंचीचा तिसरा हिस्साच. दोन-तीन दिवसांनी एक खाच खाली, आडव्या दिशेने. दर कापणीनंतर डेकखालचा चिकटलेला लगदा खरवडून काढा. तो थर साचला की नवं कोरं हाय-लिफ्टसुद्धा हवा खेचत नाही.

उतरवलेली मल्चिंग पाती जुनं ऑइल फासून पोत्यात गुंडाळून ठेवा. थंडीत वाढ मंदावली की तीच परत चढवायची आहेत.