रिव्ह्यूमधले नऊ शेरे आणि प्लेसमेंटचं वर्ष

पत्र: सर, मी नागपूरला हिंगणा रोडवरच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी आम्ही एक ओपन सोर्स परफॉर्मन्स मॉनिटरिंग टूल वापरतो. टूल चालू असताना मोजणी मधेच थांबवायची आणि पुन्हा सुरू करायची सोय त्यात नव्हती. मी ती लिहिली. फिफोमधून (दोन प्रोग्रॅममधल्या पाइपमधून) कमांड दिली की मोजणी थांबते किंवा सुरू होते. माझ्या लॅपटॉपवर व्यवस्थित चालतं, म्हणून पॅच (कोडमधला बदल) टूल सांभाळणाऱ्यांना पाठवला. रिव्ह्यूमध्ये (त्यांच्या तपासणीत) नऊ शेरे आले, काही तर नुसते ‘व्हाय?’ एवढेच. दोन आठवडे झाले, मी ते पान परत उघडलेलं नाही. बाबा महावितरणमध्ये सबस्टेशनला ऑपरेटर आहेत. ते म्हणतात, हे फुकटचं काम सोड आणि ॲप्टिट्यूडची तयारी कर. पॅच मागे घेऊ का? हे काम माझ्या आवाक्याबाहेरचं आहे का? आणि यात पुढे नोकरी तरी आहे का? (सोबत शेरे, कोड आणि आउटपुट जोडलं आहे. सर्व्हर सुरू होतानाची सगळी धावपळ मोजणीत मिसळायची आणि आकडे रोज वेगळे यायचे, म्हणून ही सोय केली.)

उत्तर:

पॅच मागे घेऊ नकोस.

तुझा कोड आणि त्यावरचे नऊही शेरे मी नीट वाचले. तुझी कल्पना कुणी नाकारलेली नाही. नाकारायचीच असती तर ‘याची गरज वाटत नाही’ एवढी एक ओळ पुरली असती. शेरे देणाऱ्या माणसाने तुझा पॅच पार शेवटच्या एरर हँडलिंगपर्यंत वाचलाय. जो पॅच घ्यायचाच नाही त्यावर इतका वेळ कुणी घालवत नाही.

तुला लागलं ते कशामुळे, तेही समजतं. आपल्याकडे व्हायव्हाला परीक्षकाने ‘का?’ विचारलं की गुण गेले असं आपण धरून चालतो. शाळेपासूनची सवय आहे ती. रिव्ह्यूमध्ये ‘का?’ म्हणजे तुझ्याकडे कारण असणार हे गृहीत धरून विचारलेला प्रश्न असतो. ही मंडळी नोकरी सांभाळून दिवसाला कितीतरी पॅच वाचतात, त्यामुळे थोडक्यात लिहितात. दोन शब्दांच्या शेऱ्यात राग शोधू नकोस.

नवातले चार शेरे एका संध्याकाळचं काम आहे. व्हेरिएबलचं नाव बदल. नवी सोय आणि जुन्या कोडची साफसफाई वेगवेगळ्या पॅचमध्ये टाक. एक टेस्ट जोड. आणि कमिट मेसेज, म्हणजे बदलासोबतची टीप, नीट लिही. तू तिथे फक्त ‘पॉज आणि रिझ्यूमची सोय केली’ असं लिहिलंयस. ती का लागली, हे कुठेच नाही. मला लिहिलेल्या पत्रात मात्र खाली तू सहज सांगून गेलीस की सर्व्हर सुरू होतानाची सगळी धावपळ तुमच्या मोजणीत मिसळत होती आणि त्यामुळे आकडे रोज वेगळे यायचे. हेच कारण इंग्रजीत चार वाक्यांत तिथे लिही.

खरं काम उरलेल्या पाच शेऱ्यांत आहे.

सगळ्यात महत्त्वाचा शेरा पोचपावतीचा. तुझ्या कोडमध्ये फिफोतून ‘डिसेबल’ वाचल्यावर आधी ‘ॲक’ ही पोचपावती लिहिली जाते आणि त्यानंतर काउंटर बंद करणारं फंक्शन चालतं. तुला वाटेल, दोन ओळींचा तर फरक आहे. हा मुद्दा बाबांना विचारून बघ, ते माझ्यापेक्षा छान समजावतील. अकरा केव्हीच्या फीडरवर काम निघालं की लाइनमन काय करतो? ‘फीडर बंद करा’ असा निरोप सबस्टेशनला पोचला, एवढ्यावर तो खांबावर चढत नाही. ब्रेकर उघडला, लाइन अर्थ केली आणि परमिट हातात आलं, की मगच तो लाइनला हात लावतो. निरोप मिळाला आणि काम झालं, या दोन गोष्टींची गल्लत झाली तर काय होतं हे तुझ्या घरात रोजच्या माहितीचं आहे. तुझं टूल निरोप मिळताच परमिट देतंय. समोरचा प्रोग्रॅम ‘ॲक’ बघून पुढचा टप्पा सुरू करणार आणि त्या टप्प्यातल्या घटना मोजणीत शिरणार. शिवाय काउंटर बंद करताना एरर आली, तर पोचपावती आधीच निघून गेलेली असेल. मग चुकीचा आकडा बरोबर म्हणून कुणाच्या तरी रिपोर्टमध्ये जाईल आणि तो चुकलाय हे कुणाला कळणारही नाही.

हेच काम अनुभवी लोकांनी कसं केलंय ते बघायचं असेल तर लिनक्सचं ‘पर्फ’ हे मोजणीचं टूल वाच. ते 2009 मध्ये कर्नल (लिनक्सचा गाभा) 2.6.31 सोबत आलं आणि त्याचा कोड कर्नलच्या सोर्समध्येच ‘टूल्स’ खालच्या ‘पर्फ’ या फोल्डरमध्ये असतो. चालू मोजणीला बाहेरून कमांड द्यायचा ‘कंट्रोल’ हा पर्याय त्यात 2020 मध्ये आला. एनेबल, डिसेबल, पिंग, स्टॉप अशा कमांड त्याला चालतात आणि काम पूर्ण झाल्याची ‘ॲक’ हवी असेल तर तिच्यासाठी वेगळा डिस्क्रिप्टर (लिहिण्याची वाट) देता येतो. ‘डिले’ या पर्यायाला उणे एक दिलं की पर्फ सगळे इव्हेंट बंद ठेवूनच सुरू होतं आणि एनेबल येईपर्यंत थांबतं. तुमच्या सर्व्हरच्या अडचणीवर नेमकं हेच उत्तर होतं. म्हणजे ज्या गरजेपोटी तू पॅच लिहिलास तीच गरज जगातल्या जाणत्या लोकांनाही पडली होती. कमिट मेसेजमध्ये याचा उल्लेख जरूर कर.

पुढचे दोन शेरे फिफो वाचण्याबद्दल आहेत. तू एकदा ‘रीड’ करतेस आणि पहिली सात इंग्रजी अक्षरं ‘डिसेबल’शी जुळतात का बघतेस. फिफोमधून बाइट येतात, निरोप वेगवेगळे करून येत नाहीत. समोरच्याने पाठोपाठ डिसेबल आणि एनेबल लिहिलं तर तुझ्या एकाच रीडमध्ये दोन्ही येऊ शकतात. तुझा कोड पहिली कमांड पाळतो आणि दुसरी टाकून देतो. लिनक्सवर 4096 बाइटपर्यंतचं लिखाण पाइपमध्ये अखंड जातं, दोन लिहिणाऱ्यांची अक्षरं एकमेकांत मिसळत नाहीत. पण दोन कमांडच्या मधली हद्द काही त्यातून मिळत नाही. ती नव्या ओळीच्या खुणेवरून तुलाच शोधायला हवी आणि अर्धवट उरलेली कमांड पुढच्या रीडसाठी जपून ठेवायला हवी. सात अक्षरांच्या तुलनेत आणखी एक फट आहे. ‘डिसेबल’च्या पुढे कुणी काहीही जोडून पाठवलं तरी तुझं टूल ते मुकाट्याने मान्य करतं. अनोळखी कमांड आली तर तसं सांगायला हवं.

‘व्हॉट हॅपन्स ऑन हँगअप?’ हा शेरा मला सर्वात आवडला. कमांड देणाऱ्या प्रोग्रॅमने फिफोचं आपलं टोक बंद केलं की ‘पोल’ (फिफोत काही आलं का ते बघणारा कॉल) लगेच हँगअप सांगत परत येतो. तुझ्या लूपमध्ये त्याची दखलच नाही, त्यामुळे तो पुन्हा पोल करतो, पुन्हा लगेच परत येतो आणि असंच गरगरत राहतो. एक आख्खा कोअर शंभर टक्के! दुसऱ्या कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये हा साधा बग ठरला असता. इथे मोजणारं टूलच प्रोसेसर खातंय, म्हणजे जे मोजायचं तेच बिघडवतंय. तुझ्या लॅपटॉपवर हे कधी दिसलं नाही, कारण तू टर्मिनल उघडं ठेवून हाताने कमांड देत होतीस. आता पर्फमध्ये ‘युटिल’ फोल्डरमधली ‘एव्हलिस्ट’ नावाची सी भाषेतली फाइल उघड. कंट्रोलची फिफो तिथे फक्त वाचण्यासाठी न उघडता वाचणं-लिहिणं अशा दोन्हींसाठी उघडली आहे आणि त्यावर कॉमेंट आहे की यामुळे हँगअप टळतो, समोरचं टोक कितीही वेळा उघड-बंद करता येतं. तुला सुचला नाही तो उपाय एका ओळीचा होता. पण अशी एक ओळ सुचायला हँगअपचा प्रश्न आधी कुणीतरी विचारावा लागतो. तुला तो विचारणारा माणूस घरबसल्या मिळाला.

शेवटचा शेरा म्हणतो, फिफो कशाला, सिग्नल (चालू प्रोग्रॅमला दिलेला नुसता इशारा) का नाही? इथे तू मान तुकवू नकोस. सूचना वेडीवाकडी नाही, पर्फ रेकॉर्डसुद्धा काही कामांसाठी ‘सिगयूएसआर2’ हा सिग्नल वापरतं. पण साधे सिग्नल रांगेत साठत नाहीत. एकाच नंबरचे दोन लागोपाठ आले तर दुसरा पहिल्यात विरून जाऊ शकतो. आणि सिग्नलमधून पोचपावती परत जात नाही. तुझी बाजू भक्कम आहे. दोन-तीन वाक्यांत, ‘सूचनेबद्दल आभार’ म्हणून ही कारणं मांड. रिव्ह्यूमध्ये आधार देऊन मतभेद नोंदवणं याला कुणी उद्धटपणा समजत नाही. उलट सगळ्याच शेऱ्यांना ‘येस सर, डन’ लिहिणाऱ्याने खरंच विचार केलाय का, अशी शंका येते.

ही उत्तरं स्वतःच्या शब्दांत लिही. एआयकडून गुळगुळीत परिच्छेद लिहून घेऊन चिकटवायचा मोह होईल, तुझ्या वयाची बरीच मुलं ते करतात. समोरच्याला ते दुसऱ्या ओळीत कळतं. मग पुढच्या वेळी तो तुझा पॅच उघडतच नाही. मोडक्या पण नेमक्या इंग्रजीबद्दल तिथे कुणी नाक मुरडत नाही.

आता आवाक्याचा प्रश्न. नऊपैकी एकही शेरा तुला सीचं ज्ञान नाही असं म्हणत नाही. ते सगळे ‘माझ्याकडे चालतं’च्या पलीकडचं विचारतात. हे कुठल्याच सेमिस्टरच्या पेपरात येत नाही. ज्याला येतं तो असेच शेरे खाऊन शिकलेला असतो. तेव्हा तुला आधीच का आलं नाही, याचं वाईट वाटून घेऊ नकोस.

नोकरीचं स्पष्ट सांगतो. मिहानमधल्या टीसीएस, एचसीएलसारख्या किंवा गायत्रीनगरच्या पर्सिस्टंटसारख्या कंपन्यांच्या पहिल्या फेरीत फिफोबद्दल कुणी विचारणार नाही. तिथे ॲप्टिट्यूड आणि कोडिंग टेस्टच पार करावी लागते, त्यामुळे बाबा त्या बाबतीत अगदी बरोबर आहेत. रोज सकाळचा एक तास तयारीला दे, त्यात टाळाटाळ नको. पण कामावर रुजू झाल्यावर पहिल्याच महिन्यापासून तुझा प्रत्येक कोड रिव्ह्यूतून जाणार आहे. आणि दोन-चार वर्षांनी परफॉर्मन्स इंजिनिअरिंग, कर्नल, कंपायलर, डेटाबेस या कामांकडे वळायचं म्हटलं, तर पुण्यात रेड हॅट आणि एनव्हिडिया आहेत, बंगळुरू-हैदराबादला इंटेल आणि एएमडी. असल्या कामांच्या मुलाखतीत कोड समोर ठेवून ‘यात काय चुकू शकतं?’ असं विचारलं जातं. हँगअपच्या शेऱ्यासारखे प्रश्न तुला स्वतःला पडायला लागले की त्या खुर्चीत बसायची तुझी निम्मी तयारी झाली.

बाबांच्या ‘फुकट’ या शब्दाबद्दल. गुगल समर ऑफ कोड 2005 पासून चालू आहे, त्यात निवड झाली की मानधन मिळतं. अर्ज वसंतात असतात, आणि ज्या प्रोजेक्टमध्ये जायचं तिथे आधी एखादा पॅच गेलेला असणं फार उपयोगी पडतं. लिनक्स फाउंडेशनचाही मेंटॉरशिपचा कार्यक्रम आहे. पैशाखेरीज आणखी एक गोष्ट असते. कर्नलच्या इतिहासात पॅच लिहिणाऱ्यासोबत ‘रिव्ह्यूड-बाय’ आणि ‘टेस्टेड-बाय’ म्हणून तपासणाऱ्यांची नावंही कायमची नोंदली जातात. तपासणं हेही तिथे काम म्हणून मोजलं जातं. तुझ्या टूलमध्येही आता दुसऱ्यांचे पॅच वाचायला लाग. आठवड्याला एक पॅच घे, स्वतः बिल्ड करून चालवून बघ आणि काय दिसलं ते लिही. नवख्याने केलेली टेस्टही लोकांना हवी असते, कारण ती करायला कुणाला वेळ नसतो.

तू विचारलं नाहीस, पण सांगतो. तुझ्या आउटपुटमध्ये ‘सायकल्स’च्या पुढे ‘नॉट सपोर्टेड’ दिसतंय. तू व्हर्च्युअल मशीनमध्ये लिनक्स चालवतेस आणि तिथे प्रोसेसरचे हार्डवेअर काउंटर बहुतेक वेळा मिळत नाहीत. वेळ, कॉन्टेक्स्ट स्विच असे सॉफ्टवेअरचे आकडे तेवढे येतात. ‘ही सोय वापरली नाही तर टूल किती मंदावतं?’ असं पुढे कुणी विचारलं, तर या मशीनवरून उत्तर देता येणार नाही. लॅपटॉपवर लिनक्स वेगळ्या पार्टिशनवर टाक, त्याआधी घरच्यांचे फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे कॉपी करून ठेव. ते जमत नसेल तर कॉलेजच्या लॅबमधलं एखादं मशीन मागून घे. मग पॅचशिवाय आणि पॅचसह, पर्फ स्टॅटला ‘आर’ पर्याय देऊन तीच चाचणी अनेकदा चालव. सरासरी आणि चढउतार ते स्वतःच देतं. दोन्ही आकडे जसे येतील तसे उत्तरात टाक, फरक दिसला तरी लपवू नकोस.

दुसरी आवृत्ती पाठवण्याआधी चर्चेच्या जुन्या धाग्यात प्रत्येक शेऱ्याच्या खाली उत्तर दे. दोन आठवडे उशीर झाला त्याबद्दल एका ओळीत दिलगिरी पुरे, परीक्षेची कारणं सांगत बसू नकोस. मग साफसफाईचा, सोयीचा आणि टेस्टचा असे तीन पॅच एकाच मालिकेत ‘व्ही2’ म्हणून पाठव. पहिल्या आवृत्तीपासून काय बदललं ते वर लिही, आणि शेरे देणाऱ्याचं नाव सीसीमध्ये टाकायला विसरू नकोस.