क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये कोल्हापूरच्या रंकाळा तलावाचं क्षेत्रफळ जास्त का येतं? थर (लेयर) ३८५७ या निर्देशांक पद्धतीत (सीआरएस) आहे, त्याऐवजी ३२६४३ ही पद्धत निवडली तर तलाव नकाशावरून गायबच होतो.

थर ३२६४३ मध्ये 'एक्सपोर्ट' करून नवी फाईल बनवा आणि क्षेत्रफळ तिच्यावर मोजा. 'सेट लेयर सीआरएस' वापरू नका. 'सेट' फक्त लेबल बदलतं, आकडे तेच राहतात. ३८५७ मध्ये कोल्हापूरचा पूर्वेकडचा आकडा (मीटरमध्ये) ८२ लाखांच्या पुढे असतो, ३२६४३ मध्ये तो चार-पाच लाखांच्या घरात हवा. म्हणून तलाव भलतीकडेच जातो. तो थर आधी 'सेट'नेच परत ३८५७ वर आणा, मग 'एक्सपोर्ट' किंवा 'रीप्रोजेक्ट लेयर' करा. त्यात प्रत्येक बिंदूचं खरोखर गणित होतं.

३८५७ हे वेब मर्केटर, ऑनलाइन नकाशे दाखवण्यासाठीचं. विषुववृत्तापासून दूर जाल तसं ते ताणत जातं, आपल्या १६.७ अंश अक्षांशावर अंतर ४-५ टक्के आणि क्षेत्रफळ ९-१० टक्के फुगतं. ३२६४३ म्हणजे यूटीएमचा (पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे पट्टे पाडून मोजणाऱ्या पद्धतीचा) ४३ उत्तर पट्टा, ७२ ते ७८ अंश रेखांशांचा. कोल्हापुरात त्यात हेक्टरामागे जेमतेम सहा-सात चौरस मीटर कमी भरतात. नागपूर-गोंदियाकडचं काम असेल तर मात्र पट्टा ४४, म्हणजे ३२६४४ घ्या.

एक अपवाद आहे. फील्ड कॅल्क्युलेटरमधलं डॉलरच्या चिन्हाचं 'एरिया' प्रोजेक्टमध्ये नेमलेला इलिप्सॉइड (पृथ्वीचा किंचित चपटा गोल आकार) धरून मोजतं, त्यामुळे थर ३८५७ मध्ये असला तरी उत्तर बरोबर येऊ शकतं. साधं 'एरिया' फंक्शन मात्र सपाट कागदावरच मोजतं.