शाळू पिवळा पडतोय? युरिया नको, कोळपं धरा

प्रश्न : सांगलीच्या जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडून बऱ्याच जणांनी एकच विचारलंय. 'कोरडवाहू शाळू (रब्बी ज्वारी) महिन्याचा झाला, पिवळा पडलाय, वाढ खुंटलीय. दुकानदार म्हणतो एकरी पोतंभर युरिया फेका, वर टॉनिक मारा. मारू का?'

उत्तर : नका मारू. कोरडवाहू शाळूला युरियाचा दुसरा हप्ता नसतो. मध्यम जमिनीला एकरी ३५ किलो युरिया आणि सुपर फॉस्फेटचं ५० किलोचं एक पोतं, तेही पेरणीलाच, दोन चाड्याच्या पाभरीनं (खत आणि बी एकदम पेरणाऱ्या अवजारानं) बियाखाली. वरची माती सुकल्यावर फेकलेला युरिया मुळापर्यंत पोचत नाही. चुनखडीच्या रानात तर बराचसा हवेतच जातो.

जतच्या पूर्वेला अशाच एका रानात गेलो होतो. युरिया टाकलेला, टॉनिकच्या दोन बाटल्या बांधावर पडलेल्या आणि ओळींमधे उभा तळहात जाईल एवढ्या भेगा. शेजारच्या रानात दोनदा कोळपं (ओळींमधली माती हलवायचं अवजार) फिरलेलं. तिथं बोटानं उकरलं तर दोन पेरांखाली माती गार लागली. पाऊस दोघांना सारखाच पडला होता. पिकाला ओल कमी पडली होती, खत नव्हे.

म्हणून आधी कोळपं धरा. पहिली कोळपणी तिसऱ्या आठवड्यात, फटीच्या कोळप्यानं. दुसरी पाचव्या आठवड्यात. तिसरी आठव्या आठवड्यात, दातेरी कोळप्यानं, म्हणजे भेगा बुजतात आणि ओल आत राहते. 'एक कोळपणी, अर्धं पाणी' हे आपल्या आज्या-पणज्यांना ठाऊक होतं. सोलापूरच्या कोरडवाहू संशोधन केंद्रात १९३३ पासून ओल धरण्याचंच काम चाललंय. तुरीच्या काड्या, भुसकट असेल तर पाचव्या आठवड्याच्या आत ओळींमधे पसरा.

मधला पोंगा (कोवळा शेंडा) वाळलाय? उपटून बघा. अलगद हातात आला आणि बुडाला कुजका वास आला तर ती खोडमाशी. महिन्याच्या पिकावर औषध मारून मेलेला पोंगा जिवंत होत नाही, हेही दुकानदार सांगणार नाही. वेळ चुकते ती पेरणीला. १५ सप्टेंबरच्या आधी घाई केली की माशी, १५ ऑक्टोबरच्या पुढं गेलं की माशीही आणि ओलीची बोंबही. पुढच्या साली श्रावणातच उतार बघून रानात वाफे पाडा, परतीचा पाऊस जागेवर मुरवा. बियाण्याला किलोला ४ ग्रॅम ३०० मेश (एकदम बारीक) गंधक चोळा, काणी (दाण्याची काळी भुकटी करणारा रोग) येत नाही. वाण जमिनीच्या खोलीवर निवडा : हलक्या रानात फुले अनुराधा, मध्यमला मालदांडी किंवा फुले सुचित्रा, भारीला फुले वसुधा. दुकानात शिल्लक आहे म्हणून कुठलंही पिशवीतलं बी घेऊ नका.

अनुदानाचं बियाणं, अवजारं, शेततळं : अर्ज महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर, बाकी सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचे कृषी सहायक) विचारा.

विहिरीत एकाच पाळीचं पाणी असेल तर आज पिवळं दिसतंय म्हणून सोडू नका. ५० ते ५५ दिवसांनी, पीक पोटरीत आल्यावर (कणीस बाहेर पडण्याआधी पानाच्या आत असताना) द्या. आणि पुन्हा सांगतो, युरियाचं ते पोतं परत करून या.