आंब्याची थकलेली रक्कम आणि तीन वर्षांची मुदत

राजापूर तालुक्यातील एका लहान बागायतदाराचे पत्र आले आहे. एप्रिल आणि मे २०२३ मध्ये त्यांनी वाशीच्या बाजारातील आडत्याकडे, म्हणजे शेतकऱ्याचा माल दलालीवर विकून देणाऱ्याकडे, हापूसच्या पेट्या पाठवल्या. त्यापैकी एक लाख चाळीस हजार रुपये अजून येणे आहेत, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये मिळालेला साठ हजारांचा धनादेश वटला नाही. देवगडपासून गुहागरपर्यंतचे बागायतदार हंगामाच्या तोंडावर जवळपास हेच लिहितात आणि पैसे कसे वसूल करायचे, हे विचारतात.

आडत्याने पैसे द्यायला हवे होते, हे सांगायला वकील लागत नाही. तुमच्या प्रकरणाचा निकाल मुदतीवर लागणार आहे. १९६३ च्या मुदतीच्या कायद्यानुसार, उधारी किती दिवसांची हे ठरलेले नसेल, तर विकून पोचता केलेल्या मालाच्या किमतीसाठी माल पोचल्यापासून तीन वर्षांच्या आत दावा दाखल करावा लागतो. म्हणजे प्रत्येक गाडीची मुदत वेगळी धावते: १० एप्रिल २०२३ रोजी गाळ्यावर उतरलेल्या पेट्यांची येत्या १० एप्रिलला संपेल, मेमधल्या पेट्यांची मेमध्ये, आणि आज फेब्रुवारी २०२६ संपत आला आहे. आडत्या हा खरेदीदार नसून तुमचा प्रतिनिधी होता, म्हणून हिशेब मागून त्याने नाकारल्यापासून मुदत मोजावी, असे म्हणता येईल. आडत्याकडून घेतलेली उचल (आगाऊ रक्कम) आणि त्याला दिलेला माल यांचे परस्पर चालू खाते होते असे वहीतून दिसले, तर मोजणी आणखी बदलू शकेल. मात्र हे दोन्ही युक्तिवाद मुदत टळल्यावर करायचे असतात, आणि ते मान्य होतीलच अशी हमी मी देणार नाही.

वकिलाची नोटीस पाठवली किंवा बाजार समितीकडे अर्ज दिला की मुदत थांबते, अशी समजूत किनारपट्टीवर घट्ट बसली आहे. ती चुकीची आहे. आडत्याचा परवाना समितीच्या हातात असल्याने तक्रारीचा दबाव पडतो, म्हणून ती जरूर करा, पण तिच्या उत्तराची वाट पाहत बसू नका.

मुदत नव्याने सुरू करणारी खरी गोष्ट याच कायद्याच्या कलम १८ मध्ये आहे. जुनी मुदत संपण्यापूर्वी देणेकऱ्याने आपले देणे लेखी कबूल करून सही केली, तर सहीच्या दिवसापासून पुन्हा तीन वर्षे मिळतात. रक्कम नेमकी लिहिलेली नसली किंवा ‘आत्ता देऊ शकत नाही’ असे लिहिले असले, तरी चालते. देणे मान्य असले पाहिजे आणि सही असली पाहिजे. फोनवरचे ‘गणपतीनंतर बघू’ हे कबुली नव्हे. व्हॉट्सॲपवरचा त्याचा संदेश जपून ठेवा, पण त्यात सही आहे की नाही यावर वाद होईल. सध्या आडत्याला या हंगामाचा माल हवा आहे. पहिली पेटी गाडीत चढण्याआधी जुन्या हिशेबाच्या पट्टीखाली ‘२०२३ च्या हंगामातील मालाचे पैसे माझ्याकडून देणे बाकी आहेत’ एवढे लिहून घ्या आणि तारखेसह सही घ्या.

धनादेशाबाबत मला स्पष्टच बोलावे लागेल. तो न वटल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस द्यायची होती. तुम्ही तो दीड वर्ष कपाटात ठेवलात आणि फौजदारी तक्रारीचा मार्ग स्वतःच्या हाताने बंद केलात. तरीही तो कागद आणि बँकेचा परतावा मेमो फेकू नका. त्यावरची सही ही मुदतीतली कबुली आहे, असे दिवाणी दाव्यात मांडता येईल.

तुम्ही गप्प का राहिलात, हे मला समजते. मोहोर वाचवायच्या फवारणीसाठी उचल त्याच आडत्याकडून घ्यायची, आणि उत्पन्न वर्षातून एकदाच. अशा वेळी येणे मागितले तर पुढची उचल तुटते, आणि एका हंगामाचे अडकलेले पैसे पुढच्या हंगामाचा भावही त्याच्याच हाती देतात. परंतु ही अडचण सांगून न्यायालयाकडून मुदत वाढवून मिळणार नाही.

हिशेबाच्या पट्टीत आडत, म्हणजे आडत्याची दलाली, कापली आहे का, तेही तपासा. २०१६ पासून फळे-भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याकडून नव्हे, तर खरेदीदाराकडून घ्यायची आहे. ती कपात दाव्यात मागता येईल, मात्र पुराव्याविना ती टिकेल असे मी म्हणणार नाही. दावा राजापुरात लावायचा की नवी मुंबईत, हे व्यवहार कुठे ठरला आणि माल कुठे ताब्यात दिला यावर अवलंबून राहील. साध्या वसुलीच्या दाव्यालाही आपल्याकडे वर्षे लागतात आणि त्याचा भुर्दंड लहान बागायतदारालाच बसतो, म्हणून दाखल केल्यावर लोकअदालतीत तडजोडीची तयारी ठेवा. मे महिन्यात न्यायालयाला सुट्टी असताना मुदत संपली, तर उघडल्या दिवशी दावा दाखल करता येतो, पण एप्रिलच्या पेट्यांना ही सवलत मिळेल असे धरून चालू नका. सही मिळाली नाही, तर मार्चअखेरपर्यंत सर्व पट्ट्या, गाडीच्या पावत्या आणि बँकेचे खातेउतारे घेऊन वकिलाकडे जा. फी परवडत नसेल, तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा.