मेंटॉर म्हणून सही करण्याआधी

तासिका तत्त्वावर लागून तीन महिने झालेत, मेंटॉर, म्हणजे मार्गदर्शक शिक्षक, म्हणून तुमच्या यादीत ६२ मुलं आहेत आणि त्यातला एक मुलगा दोनदा येऊन ‘मायनर (मुख्य विषयासोबतचा दुय्यम विषय) बदलून द्या’ म्हणतोय. नियम सगळे वाचलेत, तरी हो म्हणायचं की नाही हे ठरवता येत नाही, असं तुम्ही लिहिलंय. मी नेमकी इथेच चुकले होते, म्हणून सविस्तर लिहिते. क्रेडिट (अभ्यासक्रमाच्या भाराचं माप), एटीकेटी वगैरे तुम्हाला ठाऊक आहेच, ते सोडून देते.

जुन्या पॅटर्नमधली गोष्ट. बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाची मुलगी. बारावीला गणित नव्हतं, आमच्याकडे तिने बिझनेस मॅथेमॅटिक्स घेतलं होतं. विषयबदलाच्या शेवटच्या आठवड्यात अर्ज घेऊन आली. ‘मॅडम, गणित झेपत नाहीये.’ मी हजेरीपट पाहिला, अकरा तासांपैकी दोनला हजर. बारावीला गणित नाही, तासाला बसत नाही, स्वतःच म्हणते झेपत नाही. सगळं जुळलं. सही करून टाकली, दोन मिनिटंही लागली नसतील.

तिसऱ्या वर्षाला ती एमसीएचं, म्हणजे संगणकातल्या पदव्युत्तर पदवीचं, विचारायला आली. प्रवेशाला बारावी किंवा पदवीला गणित असण्याची अट होती, आणि तिच्याकडे ते कुठेच नव्हतं. मग बोलता बोलता कळलं, की गणिताचा तास ७.१० ला असायचा आणि तिच्या गावची पहिली एसटी स्टँडवर यायची ७.५० ला. ती ज्या दोन तासांना बसली, त्या दिवसांत मामाकडे मुक्कामाला होती. पहिल्या चाचणीत तिला २० पैकी १४ गुण होते. तो तक्ता माझ्याच कपाटात होता आणि मी तो उघडला नव्हता.

पुढचं अजून वाईट. जादा विषय म्हणून परीक्षेला बसवता येईल का, हे विचारायला एका कार्यालयात फोन केला. कुठलं ते लिहीत नाही. ‘चालेल, अर्ज पाठवा.’ पाठवला. दीड महिना उत्तर नाही. स्वतः गेले, सव्वा तास बाकावर बसले, तर टेबल बदललेलं. नवे साहेब म्हणाले, ‘चालेल असं कोण म्हणालं? लेखी आहे का?’ नव्हतं. परीक्षा फॉर्मची तारीख गेली होती. ती मुलगी एमसीएला गेलीच नाही. तेव्हापासून फोनवरच्या ‘चालेल’वर मी विद्यार्थ्याला काहीही सांगत नाही. ईमेल करते, उत्तराची प्रिंट फाइलला लावते, आणि उत्तर येईपर्यंत ‘अजून नक्की नाही’ एवढंच म्हणते. तुम्हीही असंच करा, फार कळकळीने सांगते.

पण कार्यालयाच्या आधी माझं चुकलं. नियम मला पाठ होता. ‘झेपत नाही’ हे मी कारण समजले, आणि ते कारण नव्हतंच. मुलं आपल्याकडे अर्ज आणतात तो त्यांनी स्वतः शोधलेला उपाय असतो, अडचण त्यांनी सांगितलेलीच नसते. म्हणून आता कितीही उघड दिसलं तरी मी आणखी दोन कारणं कागदावर लिहिते आणि कुठल्या माहितीने ती खोटी ठरतील ते बघते. त्या दिवशी ‘घरून किती वाजता निघतेस?’ एवढं विचारलं असतं तरी पुरलं असतं. दुसरं, हा बदल केल्यावर दोन वर्षांनी कुठलं दार बंद होईल, हे विद्यार्थ्यासमोरच शोधते. आता नव्या शैक्षणिक धोरणात तर हे जास्तच लागतं. पहिल्या वर्षानंतर बाहेर पडून सर्टिफिकेट घ्यायचं म्हणणाऱ्या मुलांना ४० ते ४४ क्रेडिट्सशिवाय ४ क्रेडिट्सचं कौशल्याचं काम वेगळं करावं लागतं, हे बहुतेकांना माहीतच नसतं.

हे प्रशिक्षणात शिकवतात का? माझं मत विचाराल तर नाही. ‘ऐकून घ्या, सहानुभूती ठेवा’च्या स्लाइड्स मी खूप पाहिल्या. नॅकसाठी, म्हणजे महाविद्यालयाच्या मूल्यांकनासाठी, मेंटॉर-मेंटी फाइल सगळे भरतात, पण ‘विद्यार्थ्यास मार्गदर्शन केले’ या ओळीतून कोणी काय विचार केला ते कळत नाही. आम्ही तिघी-चौघी महिन्यातून एकदा बसतो. एक प्रकरण, विद्यार्थ्याचं नाव न घेता. तो काय म्हणाला, मी काय धरून चालले, काय तपासलं नाही. पहिले दोन महिने फार अवघडल्यासारखं झालं. नंतर दुसरीच्या चुकीतून आपली चूक आधी दिसायला लागली. ज्येष्ठांपैकी जे स्वतःच्या चुका सांगतात त्यांनाच बोलवा.

मी वाणिज्य शिकवते, समुपदेशक नाही, आणि तुमच्या विद्यापीठाचे नियम वेगळे असू शकतात. विद्यार्थ्याच्या बोलण्यात जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा आली तर यातलं काहीही लावत बसू नका. त्याला एकटं सोडू नका, प्राचार्यांना कळवा, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन लावा.

आणि हो, एबीसीवरचं (क्रेडिट्स जमा होतात त्या ऑनलाइन खात्यावरचं) नाव आधारशी जुळतंय का, हे ६२ जणांचं आत्ताच तपासून घ्या.

त्या मुलाची विषयबदलाची मुदत कधी संपते ते लिहिलेलं नाही. उद्या त्याला मायनरचा तास कधी असतो, शेजारी कोण बसतं, कोणते मित्र दुसरीकडे गेले, घरी कोण काय म्हणालं, एवढं विचारा. मागच्या चाचणीचे गुणही समोर घेऊन बसा. काय निघालं ते इथे कळवा, मी बघते.