शिकवताना आवाज बसतो, तर काय खावं-प्यावं?

तुम्ही लिहिलंय की प्राथमिक शाळेत शिकवता, मधल्या सुट्टीपर्यंत आवाज बसतो आणि खडीसाखर-ज्येष्ठमध चघळूनही फरक नाही. मीही शिक्षिकाच, म्हणून आधी विचारते: शाळेत पाणी किती पिता? स्वच्छतागृहाची अवस्था बघून आपल्यातल्या कितीतरी जणी घर सोडल्यापासून परत येईपर्यंत घोटभरही पीत नाहीत. त्यात खडूची धूळ, डोक्यावर पंखा आणि पन्नासेक पोरांच्या गलक्यावर चढवलेला आवाज.

प्यायलेलं पाणी स्वरतंतूंना लागत नाही. ते अन्ननलिकेत जातं, चुकून तिकडे गेलं तर ठसकाच लागतो. तंतूंवरचा ओलावा शरीरात मुरलेल्या पाण्यातूनच येतो, आणि त्याला वेळ लागतो. बोलताना बायकांचे स्वरतंतू सेकंदाला साधारण २०० वेळा एकमेकांवर आदळतात. ओलावा नसेल तर तेच घर्षण सुजेवर जातं. त्यामुळे घसा सुकल्यावर बाटली रिकामी करून त्या तासाला काही साधत नाही. उठल्यावर प्या, निघताना प्या, मग दर तासाला दोन-चार घोट. कोमटच हवं असं नाही. लघवी फिकट दिसली की समजा, पुरतंय. (मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असेल तर प्रमाण डॉक्टरांना विचारा.) आणि स्वच्छतागृहासाठी सगळ्या जणींनी मिळून मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज द्याच. संकोच कसला, हा तब्येतीचा प्रश्न आहे.

खाण्याचं म्हणाल तर दही, केळं सरसकट बंद करू नका. रात्रीचं जेवण बघा. सकाळी उठल्याउठल्या आवाज घोगरा असतो का? सारखं खाकरावंसं वाटतं, घशात काहीतरी अडकल्यासारखं होतं? मग पित्त वर येत असेल; छातीत जळजळ नसतानाही येतं. जेवण आणि झोप यांत तीन तास ठेवा, रात्री तळलेलं आणि झणझणीत टाळा, पहाटे उपाशीपोटी चहा नको. पलंगाचे डोक्याकडचे पाय विटांवर चढवले तर आणखी बरं.

ज्येष्ठमधाने लाळ सुटते, घशाला बरं वाटतं, एवढंच. रोज भरपूर खाल्लं तर रक्तदाब वाढतो. गुळण्यांचं पाणी स्वरतंतूंपर्यंत पोचत नाही, वाफ पोचते; ती नुसत्या पाण्याची घ्या, बाम न घालता. खाकरण्याऐवजी घोट गिळा. आवाज बसलाय म्हणून कुजबुजून शिकवू नका, त्यानेही ताण येतो.

चार आठवड्यांत आवाज सुटला नाही तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून दुर्बिणीने तपासून घ्या. गिळताना किंवा श्वास घेताना त्रास, थुंकीत रक्त, मानेत गाठ, तंबाखूची सवय, यातलं काहीही असेल तर चार आठवडेही थांबू नका. दम्याचा पंप घेत असाल तर तेही सांगा. त्यानेसुद्धा आवाज बसू शकतो, म्हणून पंपानंतर दर वेळी गुळणी करून थुंकायचं.