ताटात काय उरलं, ते छाप

प्रिय संपादकबाई,

अनेक आशीर्वाद.

आहारशास्त्र विभागाच्या वार्तापत्राचं काम तुझ्याकडे आलं, असं कळलं. एमएस्सीच्या पहिल्या वर्षाला, सबमिशन आणि जर्नलांच्या धबडग्यात हे काम कुणी मागून घेत नाही. ते गळ्यात पडतं. तरीही मागच्या चार वर्षांचे अंक मला पाठवून ‘मॅडम, यात काय बदलू?’ असं तू विचारलंस, म्हणजे तुला हे नुसतं उरकायचं नाही. म्हणून जरा लांबण लावते.

अंक चाळले. पहिल्या पानावर दीपप्रज्वलन. समईपाशी पाच जणी, त्यांतल्या दोघींची पाठ कॅमेऱ्याकडे. मग पाहुण्यांचा परिचय, सत्कार, सूत्रसंचालन कुणी केलं, आभार कुणी मानले. सप्टेंबरातल्या पोषण सप्ताहाचा वृत्तांत चारही अंकांत एकच, पाहुण्याचं नाव तेवढं बदललेलं. हा सप्ताह १९८२पासून पाळला जातो आणि २०१८पासून तर अख्खा पोषण महिना पाळला जातो. इतकी वर्षं चाललेल्या गोष्टीतून तुमच्या विभागाला नवं काय कळलं, हे त्या चार अंकांत मला कुठेही सापडलं नाही. अमुक पदार्थ मांडले होते, एवढं कळलं. ते कुणी खाल्ले का?

माझ्या मते आहारशास्त्राच्या विभागात बातमी एकच असते: काय शिजवलं, कुणाच्या ताटात गेलं आणि ताटात किती उरलं. बाकीचं सगळं कार्यक्रमपत्रिका.

आमच्या रुग्णालयात इंटर्न आल्या की पहिल्या आठवड्यात मी त्यांना वॉर्डात पाठवत नसे. दुपारी दीडच्या सुमाराला ट्रॉल्या परत यायच्या, तेव्हा भांडी घासायच्या मोरीपाशी वही घेऊन उभं करायचे. डाएट शीटवर, म्हणजे रुग्णाच्या आहाराच्या तक्त्यावर, लिहिलेलं असतं १८०० कॅलरी, ७० ग्रॅम प्रथिनं. मोरीपाशी आलेल्या ताटात बिनमिठाची डाळ वाटीच्या काठापर्यंत तशीच, दुधीची भाजी फक्त चमच्याने ढवळलेली, पोळी अर्धी. आणि त्याच रुग्णाच्या खाटेशेजारच्या कपाटात लोणच्याची पुडी. शीट बरोबर होती, पण निम्मा आहार बादलीत गेला होता. सकाळच्या राउंडला ‘पेशंट डाएट नीट घेतोय’ असा शेरा पडलेला असायचा, कारण ट्रे वेळेवर पोचल्याची सही होती. डाळीला लिंबू आणि जिऱ्याची फोडणी दिली, मिठाची उणीव आमसुलाने थोडी झाकली, की तीच डाळ संपते. हे इंटर्नना मोरीपाशी कळलं, वर्गात कळलं नसतं.

म्हणून यंदाच्या पाककृती स्पर्धेचं वृत्त वेगळं कर. पहिला क्रमांक कुणाचा, हे एका ओळीत आटप. मग प्रत्येक पदार्थ चाखायला ठेवल्यावर किती उरला, ते वजन करून लिही. प्रयोगशाळेत काटे आहेतच. दर खेपेला नाचणीचा चॉकलेट केक पहिला येतो, याचा मला मनापासून कंटाळा आला आहे. ज्या घरात नाचणी खायला हवी तिथे ओव्हन नाही, आणि जिथे ओव्हन आहे तिथे नाचणी केकच्या निमित्ताने वर्षातून एकदा येते. एका स्पर्धेला एक अंगणवाडी सेविका परीक्षक म्हणून माझ्याशेजारी बसल्या होत्या. त्या प्रत्येक स्पर्धक मुलीला एकच विचारत होत्या: ‘गॅस किती वेळ लागतो?’ निम्म्या मुलींकडे उत्तर नव्हतं. पाककृतीच्या चौकटीत प्रथिनं, लोह, कॅल्शियम यांच्याखाली इंधनाचा वेळ आणि खर्चही छापलास, तर पुढच्या वर्षी स्पर्धेला वेगळेच पदार्थ येतील.

दुसरं, तुमच्या इंटर्नशिपच्या बातम्या. इंटर्नशिपवरून परतलेल्या मुलींना ‘अनुभव खूप समृद्ध करणारा होता’ असं लिहू देऊ नकोस. सगळ्या तेच लिहितात. त्यांना प्रश्न विचार. उदाहरणार्थ, मूत्रपिंडाच्या वॉर्डात असलेल्या मुलीला विचार, रुग्णालयाच्या फाटकाबाहेर शहाळेवाला कुठे बसतो. आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला जाताना शहाळं नेण्याची रीत आहे. ते हलकं, थंड, निर्मळ, म्हणून ते बाधेल असं कुणाच्या मनातही येत नाही. पण शहाळ्याच्या पाण्यात १०० मिलिलिटरमागे साधारण २०० ते २५० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. मूत्रपिंड काम करत नसेल तर ते शरीराबाहेर टाकलं जात नाही, रक्तात साठतं, आणि एका मर्यादेनंतर हृदयाचे ठोके बिघडवतं. भाजीतलं पोटॅशियम कमी व्हावं म्हणून आपली आहारतज्ज्ञ ती बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकळून, ते पाणी ओतून टाकायला शिकवत असते, आणि संध्याकाळी मामा दोन शहाळी घेऊन येतात. ‘कमी सोडियमचं मीठ’ म्हणून घरी आणलेल्या पाकिटातही बहुतेक वेळा पोटॅशियम क्लोराइड असतं. सैंधव चालतं का, हा तर रोजचा प्रश्न. सैंधवही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. आणखी एक गोंधळ बघ. डायलिसिस सुरू होण्याआधी रुग्णाला प्रथिनं कमी करायला सांगितलेली असतात. डायलिसिस सुरू झाल्यावर ती वाढवावी लागतात. पण घरच्यांच्या डोक्यात जुनं पथ्य इतकं पक्कं बसलेलं असतं की अंड्याचं पांढरं समोर आलं की ते घाबरतात. अशी एक केस, नाव-गाव गाळून, अर्ध्या पानात आली तर तो अंक मुली जपून ठेवतील.

सरकारी बातम्यांचं काय करायचं? परिपत्रक जसंच्या तसं चिकटवायचं नाही. २०२१चा संबद्ध व आरोग्यसेवा व्यवसायांचा राष्ट्रीय आयोग कायदा तुमच्या अंकात ‘अभिमानास्पद’ या मथळ्याखाली चार ओळींत संपला होता. वाचणाऱ्या मुलीला काय हवं असतं? आहारतज्ज्ञ हा व्यवसाय या कायद्याच्या यादीत आला, राज्य परिषदांमार्फत नोंदणीची तरतूद झाली, मग तिने आज कुठली कागदपत्रं जपून ठेवायची? इंडियन डायटेटिक असोसिएशनची आरडीची, म्हणजे रजिस्टर्ड डायटिशियनची, परीक्षा आणि ही नोंदणी या वेगळ्या गोष्टी आहेत, हे दुसऱ्या वर्षाच्या मुलींनाही धड माहीत नसतं. इंटर्नशिपची पत्रं, तारखा आणि शिक्के असलेली लॉगबुकं हरवून बसतात आणि मग रुग्णालयाच्या कचेरीत खेपा घालतात. यावर एक चौकट कायमची ठेव.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४मध्ये भारतीयांसाठी आहाराची नवी मार्गदर्शक सूत्रं काढली, १७ आहेत. ती सगळी छापू नकोस, कुणी वाचणार नाही. त्यातलं स्नायू वाढवायला प्रथिनांच्या पावडरी टाळा, हे एकच घे आणि कॉलेजजवळच्या व्यायामशाळेत जाऊन तिथल्या मुलांशी बोल. डबा केवढ्याला पडतो, त्या पैशांत महिनाभर किती अंडी, किती फुटाणे, किती दूध येतं, याचा हिशेब मांड. अन्नघटकांचे २०१७चे तक्ते हाताशी आहेतच, ५२८ पदार्थांचे. आणि तुमच्याच वर्गातल्या कुणाचा भाऊ ती पावडर घेत असणार, त्यालाही विचार.

आता जरा नाजूक. प्रायोजक. वार्तापत्राच्या शेवटच्या पानावर जाहिरात आली की छपाईचा खर्च सुटतो, हे मला कळतं. पण शिशुआहार, बाळाचं पावडरीचं दूध, दुधाच्या बाटल्या बनवणाऱ्यांकडून एक पैसाही घ्यायचा नाही. यासाठी १९९२चा कायदा आहे, २००३मध्ये तो आणखी कडक झाला. आरोग्यसेवक किंवा त्यांच्या संघटनेला परिसंवाद, अभ्यासक्रम, स्पर्धा, शिष्यवृत्ती कशासाठीही या उत्पादकांनी पैसे द्यायचे नाहीत, असं त्यात आहे. एका परिषदेत मला मिळालेल्या पिशवीवर असाच एक शिक्का होता आणि व्यासपीठावर स्तनपानावर भाषण चाललं होतं. समोरच्या रांगेत कुणालाही काही वावगं वाटलं नाही, याचंच मला नवल वाटलं. तू त्या रांगेत बसू नकोस. वरिष्ठ म्हणाले ‘घे गं, काय होतंय’, तर कायद्याचं कलम झेरॉक्स करून नम्रपणे पुढे ठेव. भांडायची गरज नाही. कागद पुरतो.

वर्गातल्या मुलींबद्दल लिहिताना हात आवरता घे. मोजमापांच्या प्रॅक्टिकलला सगळ्यांची वजनं, उंची, कमरेचा घेर फळ्यावर लिहितात, ते मला कधीच पटलं नाही. तुमच्या एका अंकात ‘आमच्या वर्गाचा बीएमआय’ असा गमतीदार तक्ता आला आहे, आद्याक्षरांसकट. चोवीस मुलींच्या वर्गात आद्याक्षरं म्हणजे नावंच. ‘डाएटिशियन होणार आणि ही अशी?’ हे वाक्य यातल्या काहींनी घरी, लग्नाच्या बैठकीत आणि मुलाखतीतही ऐकलेलं असतं. पोटभर न जेवणाऱ्या मुली आपल्याच वर्गात असतात आणि त्या कॅलरींची गणितं सगळ्यांत चोख करतात, हेही मी पाहिलं आहे. हिमोग्लोबिनचं शिबिर झालं तर मात्र जरूर छाप, पण फक्त आकडा, नाव नको. १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांत ५७ टक्के रक्तक्षयी आहेत, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत आलं. आहारशास्त्र शिकणाऱ्या मुलींमध्ये हिमोग्लोबिन बाराच्या खाली असलेल्या किती निघाल्या? आणि वसतिगृहात जेवणाबरोबर चहा पिऊन लोहाचं शोषण कमी करून घेणाऱ्या किती? हे दोन आकडे शेजारी शेजारी छापलेस की अग्रलेख लिहायची गरज नाही.

क्षेत्रभेटीचं तसंच. जव्हार-मोखाड्याच्या सहलीचा एक ग्रुप फोटो आहे तुमच्या अंकात: पुढे अंगणवाडीतली मुलं, खाली ओळ ‘कुपोषित बालकांसमवेत’. त्या मुलांच्या आयांनी हा अंक पाहिला तर? फोटो काढ, पण दंड मोजायच्या पट्टीचा काढ. डावा दंड, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर खूण, पट्टी सैल नको, आवळलेली नको. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली तीव्र कुपोषण, साडेबाराच्या खाली मध्यम. आता तुमच्यापैकी दोघींनी एकाच मुलाचा दंड मोजला, एकीचा आकडा ११.४ आणि दुसरीचा ११.७. पहिलीच्या हिशेबाने ते मूल उपचारासाठी निवडलं जातं, दुसरीच्या हिशेबाने घरी जातं. ही बातमी आहे. तुमच्या गटात असं किती वेळा झालं, का झालं, सेविकेने मोजलं तेव्हा किती आलं, हे लिहा. लाज वाटायचं कारण नाही. पुढच्या तुकडीला याचा उपयोग सहलीच्या वर्णनापेक्षा जास्त.

एखादं पान वादाला ठेव. पुण्याच्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१मध्ये गरिबी मोजताना माणशी दिवसाला २२५० कॅलरी ही रेघ धरली. संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे, मूळचे साताऱ्याकडच्या बुध गावचे, रोमला अन्न व कृषी संघटनेत वर्षानुवर्षं काम करून पुण्यात स्थायिक झालेले, म्हणाले की एकाच माणसाची गरजसुद्धा एका आकड्यावर ठरत नाही, ती वरखाली होते, म्हणून सरासरीच्या खाली खाणारा प्रत्येक जण उपाशी म्हणता येत नाही. दांडेकरांनी ते खोडून काढायचा प्रयत्न केला. एकाच शहरातले दोन मराठी विद्वान, भूक कशी मोजायची यावर जाहीरपणे भांडत होते, आणि तुमच्या मुली आरडीएच्या, म्हणजे रोजच्या शिफारस केलेल्या प्रमाणाच्या, रकान्यातला आकडा देवाज्ञा समजून पाठ करतात! दोन जणींना दोन बाजू देऊन लिहायला सांग. मी स्वतः कुठल्या बाजूला, ते तुला भेटल्यावर सांगेन. लेखी नको.

प्राध्यापकांबद्दल फार लिहू नकोस, त्यांचं सीव्ही संकेतस्थळावर असतं. प्रयोगशाळेतल्या मावशींबद्दल लिही. एका किलो तांदळाचा भात किती होतो, भिजवलेली मटकी किती फुगते, एका नारळाचं दूध किती निघतं, हे त्यांना तोंडपाठ असतं. तुम्ही जे रेसिपी स्टँडर्डायझेशन, म्हणजे पाककृतीचं प्रमाण पक्कं करणं, म्हणून वीस मार्कांना करता, ते त्या रोज सकाळी करतात. निवृत्त व्हायच्या आधी त्यांच्याशेजारी वही घेऊन बस. निरोप समारंभाच्या फोटोत त्या कडेला उभ्या असतात, तो फोटो मात्र घेऊ नकोस, ओट्याशी उभ्या असतानाचा घे.

शहाळ्यावरचा मजकूर पहिल्या अंकाला मी देते. पंधरा ओळी. वाढल्या तर कात्री लाव, मला विचारायची गरज नाही. प्रूफं मात्र पीडीएफ नको, कागदावर पाठव, आता डोळे दमतात. आणि आकड्यांची प्रूफं दोघींनी मिळून तपासा, एकीने मोठ्याने वाचायचं, दुसरीने बोट ठेवायचं. ग्रॅमच्या जागी मिलिग्रॅम पडलं तर आपल्या धंद्यात ती छपाईची चूक म्हणून सुटत नाही.

तुझी,
मॅडम